बर्नआउट, बदनामी आणि फुलवाल्याचा पाय

यंदा शब-ए-बरातच्या आठवडाभर आधी माझ्या भाच्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. एक मुलगा मोटारसायकल जागेवर उभी ठेवून मागचं चाक गरगर फिरवतोय, टायरमधून पांढरा धूर निघतोय, भोवती पोरं मोबाइल धरून उभी आहेत. खाली भाच्याचा मेसेज होता: "मामू, अम्मी बोली आपको ये आता था. सिखाओ ना."

भाचा १९ वर्षांचा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, लायसन्स आहे, पोरगा वाईट नाही. आमच्या आयटीत बर्नआउट म्हणजे कामाच्या ओझ्याने माणूस करपून जाणं. मोटारसायकलवाल्यांच्या भाषेत बर्नआउट म्हणजे गाडी पुढच्या ब्रेकवर रोखून धरायची आणि मागचं चाक जागच्या जागी फिरवून टायर जाळायचा. मला ते येतं. २००८ साली, इंजिनिअरिंगला असताना शिकलो. ऑगस्ट २००९ नंतर पुन्हा कधी केलं नाही.

भाच्याला काय उत्तर द्यायचं याचा विचार करताना जे मनात आलं ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न एका घरातला नाही. शब-ए-बरातच्या रात्री लोक जागतात, नमाज पढतात, कब्रस्तानात जाऊन आपल्या गेलेल्या माणसांसाठी दुआ करतात. काही मसलकांना ही रात्र अशी साजरी करणं मान्य नाही. त्या वादात मी शिरत नाही. पण त्याच रात्री आपल्या मोहल्ल्यांतली काही पोरं मोटारसायकली घेऊन रिकाम्या रस्त्यांवर उतरतात, हे आपण सगळे जाणतो. दिल्ली-मुंबईत पोलिस त्यासाठी जादा बंदोबस्त लावतात, उलेमा आवाहनं काढतात. आवाहनात बहुतेक वेळा एकच कारण असतं: यामुळे कौमची बदनामी होते.

माझं म्हणणं असं आहे की हे कारण चुकीचं आहे. नुसतं अपुरं नाही, चुकीचं आहे. त्याने आपल्याच माणसांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे, आणि त्या नुकसानात माझाही हात होता.

शिकलो कसा

मी तेव्हाच्या औरंगाबादचा. आमचं शहर मोटारसायकली बनवणारं शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला सुटे भाग बनवणारी लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली आणि शहरातल्या असंख्य घरांची चूल त्यावर पेटू लागली. अब्बा अशाच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. घरात जेवताना बेअरिंग, गिअर, टॉलरन्स हे शब्द कानावर पडायचे. २००४ साली 'धूम' आला आणि जॉन अब्राहमची हायाबुसा पाहून आमच्या पिढीतल्या पोरांना वेड लागलं. आमच्याकडे हायाबुसा कुठली? मित्राच्या भावाची सेकंडहँड दीडशे सीसी गाडी होती, तीच आमची हायाबुसा.

शिकवणारे होते गॅरेजवाले उस्ताद. रविवारी एमआयडीसीतले रुंद रस्ते रिकामे असतात, तिथे ते आम्हाला घेऊन जायचे. त्यांनी जे सांगितलं ते मला पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात जास्त अवघड शब्दांत वाचायला मिळालं. गाडीला पुढे डिस्क ब्रेक हवा, ड्रम ब्रेकचा भरवसा नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ब्रेक घट्ट दाबायचा आणि उरलेल्या पंजाने रेस द्यायची, म्हणजे एकाच हाताने दोन उलटी कामं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे, सीटवरून उठून अंगाचा भार पुढे टाकायचा. मग इंजिन तापत्या आवाजावर आणून क्लच झटक्यात सोडायचा.

यात जादू काही नाही, घर्षणाचा हिशेब आहे. भार पुढे गेल्याने मागच्या टायरची पकड कमी होते, पुढच्याची वाढते. मागचं चाक एकदा घसरायला लागलं की त्याची पकड आणखी घटते, कारण घसरणाऱ्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूपेक्षा कमी असतं. पुढचं चाक मात्र थांबलेलं असतं आणि सगळी गाडी तेच धरून ठेवतं. म्हणजे धूर मागून निघतो, पण खेळ सगळा पुढच्या चाकाखालच्या हातभर जागेचा असतो. थांबताना आधी क्लच दाबायचा आणि मगच ब्रेक सोडायचा. क्रम उलटा झाला तर गाडी गोळीसारखी सुटते.

गाडीचे हाल होतात ते वेगळेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला जागेवर उभं असताना वारा मिळत नाही, ते तापत जातं. क्लच प्लेट जळतात, चेन ताणली जाते, टायरचं रबर संपून आतले धागे दिसायला लागतात. एक टायर तेव्हा अब्बांच्या चार दिवसांच्या पगाराएवढा पडायचा. आम्ही पंक्चरवाल्याकडून टाकाऊ टायर आणायचो.

मग करायचो कशासाठी? याचं उत्तर मोठ्या माणसांनी शांतपणे ऐकावं असं मला वाटतं, कारण "मस्ती चढलीय" म्हटलं की प्रश्न संपत नाही. मला पहिल्यांदा बर्नआउट जमलं त्यासाठी सहा रविवार लागले होते. दोन्ही हात, दोन्ही पाय, कान आणि अंगाचा तोल एकाच वेळी बरोबर लागला तरच ते जमतं. ते जमलं तेव्हा जो आनंद झाला तो मला कुठल्याही परीक्षेत झाला नाही. दुसरं कारण सांगताना थोडी लाज वाटते. लोक बघत होते. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसणारा, हिंदी-मराठीत अडखळणारा, आडनाव ऐकल्यावर "कुठल्या एरियात राहतोस?" असं विचारला जाणारा मुलगा होतो. त्या धुरात मी कुणीतरी होतो.

हुनर आणि नजर, या दोन भुका आहेत. या भुका वाईट नाहीत. आम्ही त्या कुठे भागवल्या, हा प्रश्न आहे.

ती रात्र

एमआयडीसीत बघायला कुणी नसायचं, म्हणून आम्ही शहरात आलो. जे उस्तादांनी मला शिकवलं ते मी माझ्या एका मित्राला शिकवलं. क्लच, रेस, ब्रेक, भार सगळं सांगितलं. चाकाखाली काय असावं आणि काय नसावं हे सांगितलं नाही, कारण एमआयडीसीच्या कोरड्या सिमेंटवर तो प्रश्न कधी आलाच नव्हता.

ऑगस्ट २००९. शब-ए-बरात त्या वर्षी पावसाळ्यात आली होती. रात्री दीड-दोनचा सुमार, पाऊस नुकताच थांबलेला. कब्रस्तानच्या फाटकाबाहेर फुलं, अगरबत्ती, चादरी विकणाऱ्यांच्या गाड्या लागलेल्या. लोक आत जात होते, बाहेर येत होते. फाटकापासून पन्नास-साठ पावलांवर आमचा दहा-बारा जणांचा घोळका. मित्राने गाडी लावली ती नेमकी झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर. ओल्या रंगावर टायरला पकड किती कमी मिळते हे आज मी कुणालाही समजावून सांगू शकतो. त्या रात्री मी मोबाइल धरून "छोड़, छोड़" ओरडत होतो.

त्याने क्लच सोडला. मागचं चाक फिरलं, आणि पुढचं चाक ब्रेक लागलेलं असतानाच पट्ट्यावरून सरकलं. गाडीने पुढे उडी घेतली. अशा वेळी माणसाचं अंग मागे फेकलं जातं, त्यासरशी मनगट खाली वळतं आणि रेस कमी होण्याऐवजी वाढते. ब्रेकवरची बोटं निसटली. गाडी सरळ फुलांच्या गाडीवर गेली. गाडीमागे उभ्या असलेल्या फुलवाल्या चाचांचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. मित्राला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि ऑइल. मला आजही गुलाबाचा तीव्र वास सहन होत नाही.

बदनामीचा हिशेब

पोलिस यायच्या आधी मोहल्ल्यातले चार बुजुर्ग आले. चांगली माणसं होती. त्यांनी चाचांना रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचवलं, पैसे भरले. दुसऱ्या दिवशी असरनंतर बैठक बसली. मित्राचे वालिद, माझे अब्बा, चाचांचा मोठा मुलगा आणि ते बुजुर्ग. आम्ही दोघं कोपऱ्यात मान खाली घालून उभे.

एक बुजुर्ग म्हणाले, "बच्चे हैं, ग़लती हो गई. थाने गए तो अख़बार में आएगा, पूरी कौम की बदनामी होगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्राच्या वालिदांनी दवाखान्याचा खर्च आणि वर काही हजार रुपये द्यायचे ठरले. चाचांच्या मुलाने कागदावर सही केली. तक्रार झाली नाही. आमची करिअर वाचली. मी पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूत निवडला गेलो, पासपोर्ट निघाला, पोलिस पडताळणी साफ निघाली.

चाचांचं काय वाचलं? तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. काही वर्षांनी गाडीचा विमा काढताना आला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा असावाच लागतो. तो गाडीवाल्यासाठी नसतो, गाडीने ज्याचं नुकसान केलं त्याच्यासाठी असतो. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊन उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व या सगळ्याची भरपाई मागू शकतो. पण त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद लागते. नोंदच नसेल तर दावा उभा करणं फार कठीण. म्हणजे त्या बैठकीत आम्ही चाचांना काही हजार रुपये दिले आणि त्यांचा कायद्याचा हक्क काढून घेतला. तोही कौमच्या नावावर. चाचा काय दुसऱ्या कौमचे होते?

इथे मला माझं म्हणणं स्पष्ट करायचं आहे. "बदनामी होते" या कारणात तीन दोष आहेत.

पहिला दोष, त्यात जखमी होणारा माणूस दिसतच नाही. शब-ए-बरातच्या रात्री आपल्या वस्तीत स्टंट होतात तेव्हा समोर येणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असतो: फुलवाला, रिक्षावाला, नमाजहून परतणारा म्हातारा. बदनामीच्या हिशेबात त्याचा पाय कुठे धरायचा? नसीहत करणारे आपल्याला हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद यांतला फरक शिकवतात. अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात लहानपणी पाठ केलेलं असतं. तरी आवाहनात या गोष्टी क्वचित येतात आणि वर्तमानपत्र काय म्हणेल हे आधी येतं. माफीच्या रात्रीसुद्धा.

दुसरा दोष, हे कारण आपल्या विरोधकांचंच म्हणणं कबूल करतं. नववर्षाच्या रात्री, मिरवणुकांत, पुढाऱ्यांच्या रॅलीत सगळ्या जातिधर्मांची पोरं सायलेन्सर काढून गाड्या उडवतात. तिथे बातमी "तरुणांचा धुडगूस" अशी येते. आपल्या पोराने तेच केलं की त्याचा धर्म मथळ्यात येतो. हा अन्याय आहे आणि तो ठणकावून सांगितला पाहिजे. पण एका पोराने केलेली आगळीक म्हणजे सगळ्या समाजाची आगळीक, हे गणित आपण आपल्या आवाहनात स्वतःच लिहून देणार असू, तर टीव्हीवाल्यांना बोल कसा लावणार? माझ्या मित्राने पाय मोडला तो मुसलमान म्हणून नव्हे. एका नागरिकाने दुसऱ्या नागरिकाचा पाय मोडला. जबाबदारी त्याची आणि त्याला शिकवणाऱ्या माझी होती, २० कोटी लोकांची नव्हती.

तिसरा दोष, बदनामीला बघणारा लागतो. जिथे बघणारा नाही तिथे हे कारण गळून पडतं. मोठ्या रस्त्यावर नको, आपल्या गल्लीत चालेल. पेपरात येईल असं नको, मिटवता येईल तर चालेल. आमच्या बैठकीत नेमकं हेच झालं.

आपाचा सवाल

भाच्याची अम्मी म्हणजे माझी मोठी बहीण. तिला मी हा सगळा विचार फोनवर सांगत होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम लोगां को रास्ता मिला तो जलाने को मिला. मेरे को चलाने को भी नहीं मिला."

तिला मोटारसायकल तर सोडाच, सायकलसुद्धा सातवीनंतर बंद झाली. ३४व्या वर्षी, मुलं मोठी झाल्यावर, ती स्कूटर शिकली. आजही संध्याकाळी पोरांचा घोळका रेस देत उभा असेल तर ती लांबचा रस्ता घेते. आम्ही शिकत होतो त्या वर्षभरात आमच्या घोळक्याजवळून एकही बाई एकटी गेल्याचं मला आठवत नाही. तेव्हा हे लक्षातही आलं नव्हतं. धूर आणि आवाज करून आम्ही रस्ता आमच्या नावावर करून घेत होतो. समाजाची इज्जत म्हणून मुलीला घरात ठेवायचं आणि मुलगा रस्त्यावर उतरला की इज्जतीसाठी त्याची चूक झाकायची, हे एकाच इज्जतीचे दोन वापर आहेत. दोन्ही ठिकाणी किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

मैदान का हवं

मग करायचं काय? नुसत्या नसीहतीने हे थांबेल असं मला वाटत नाही. सौदी अरेबियात नसीहत करणाऱ्यांची कमतरता नाही, पोलिसही कडक. तरी तिथे रियाधच्या रुंद रस्त्यांवर गाड्या घसरवण्याचा 'तफहीत' नावाचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पास्काल मेनोरे या अभ्यासकाने त्यावर २०१४ साली 'जॉयरायडिंग इन रियाध' हे पुस्तक लिहिलं. पसरत गेलेलं शहर, तेलाचा पैसा, आणि मोकळेपणाने जमायला, बोलायला जागा नसलेले तरुण, यांतून हे आलं असं त्यांचं विवेचन आहे. आणि याच रस्त्यांवर बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली ती जून २०१८मध्ये.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण वेगळं आहे. तिथे रस्त्यावर बर्नआउट केलं तर गाडी जप्त होऊ शकते, कायदे कडक आहेत. पण कॅनबेरात १९८८पासून 'समरनॅट्स' नावाचा मोटारींचा उत्सव भरतो आणि त्यात बर्नआउटसाठी खास आखलेली जागा असते. तिथेही गोंधळ होतो, ते काही आदर्श नाही. पण तत्त्व मला पटतं: रस्त्यावर अजिबात नाही, आणि मैदानात नियमाने.

आपल्याकडे रस्त्यावर "अजिबात नाही" हे कागदावर आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १८४खाली धोकादायक वाहन चालवण्यासाठी पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतींसाठी आहे. आणि १९९-अ हे कलम प्रत्येक आईबापाने वाचावं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंग लायसन्सही नाही. "बच्चा है" हे आता कायद्यापुढे निमित्त राहिलेलं नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. यांतले सगळे स्टंट करणारे नव्हेत, बहुतेक जण कामावर जाणारे-येणारेच असतील. पण ज्या देशात साधं गाडी चालवणं इतकं जिवावरचं आहे, तिथे गाडी नीट शिकवण्याची सोय किती ठिकाणी आहे? आमच्यापैकी एकालाही कुणी इमर्जन्सी ब्रेक कसा मारायचा, ओल्या रस्त्यावर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं. बर्नआउट शिकवणारे उस्ताद मिळाले, ब्रेक शिकवणारे मिळाले नाहीत.

कुणी म्हणेल, मैदान दिलं तर स्टंटला उत्तेजन मिळेल. ही शंका खोटी नाही. मैदानात शिकलेला पोरगा रस्त्यावर करणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. मी स्वतः एमआयडीसीतून शहरात आलो होतो. पण एमआयडीसीचा तो रस्ता मैदान नव्हता. तिथे नियम नव्हते, हेल्मेट नव्हतं, "रस्त्यावर केलंस तर पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही" म्हणणारं कुणी नव्हतं, आणि बघणारंही कुणी नव्हतं. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद पहिल्या दिवशी सांगतो की इथला डाव बाहेर टाकायचा नाही. त्याच्या शब्दाला वजन असतं, कारण मुलाला आखाडा गमवायचा नसतो. आमच्याकडे गमवायला काहीच नव्हतं.

फाटकावर

भाच्याला उत्तर देण्याआधी मी एक काम केलं. १६ वर्षांत केलं नव्हतं ते. यंदा शब-ए-बरातला गावी गेलो आणि त्या कब्रस्तानच्या फाटकाशी गेलो. चाचा तिथेच होते. बसून विकतात आता. मी माझं नाव सांगितलं, त्या रात्रीचं सांगितलं, शिकवणारा मी होतो हेही सांगितलं. म्हटलं, मला माफ करा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तेव्हा माझ्या मुलाला सांगितलं होतं, थाने गये तो फाटक पे जगह नहीं रहेगी.

हे मला माहीत नव्हतं. बैठकीत मी कोपऱ्यात उभा होतो आणि समजूत घातली जात आहे असं मला वाटत होतं. ती धमकी होती. चाचांनी माफ केलं असंही म्हटलं नाही, नाही केलं असंही नाही. शेजारी गिऱ्हाईक आलं तसे ते त्याच्याकडे वळले. मी फुलं घेतली, त्यांनी पैसे घेतले, मी आत जाऊन अब्बांच्या कबरीवर ठेवली.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आधी आपल्याच लोकांकडे आहेत.

पुढच्या शब-ए-बरातच्या आधी जी आवाहनं निघतील त्यांतून बदनामी हा शब्द काढा. रस्त्यावर चालणाऱ्याचा हक्क हे कारण द्या. तेवढं पुरेसं आहे, ते दीनचंही आहे आणि संविधानाचंही.

अपघात झाला तर मोहल्ला कमिटीने मिटवामिटवी करायची नाही. जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि मग स्वतः त्याच्यासोबत पोलिस ठाण्यात जायचं. अपघाताची नोंद, दवाखान्याचे कागद, विम्याची प्रत त्याच्या हातात पडेपर्यंत मागे उभं राहायचं. पोरगा आपला असला तरी.

आणि महापालिका, आरटीओ, इंजिनिअरिंग कॉलेजं, आपल्या शिक्षणसंस्था यांच्याकडे जागा मागायची. महिन्यातून दोन रविवार, बंद मैदान, हेल्मेट-जॅकेट सक्तीचं, रुग्णवाहिका उभी. आधी ब्रेक, वळण, ओला रस्ता. ते जमल्यावर बाकीचं. मुलांसाठी आणि मुलींसाठीही. गॅरेजवाल्या उस्तादांना तिथे मानधन देऊन बोलवायचं, कारण हुनर त्यांच्याकडे आहे.

भाच्याला मी सांगितलं, शिकवीन, पण मैदानात, आणि पहिले दोन महिने फक्त ब्रेक. तो म्हणाला, "मैदान कहाँ है, मामू?" मैदान अजून नाही. एका संस्थेकडे आम्ही दोघांनी सही करून अर्ज दिला आहे. तिसरी सही आपाची आहे. तिने अर्जात मुलींसाठी वेगळी वेळ नको, एकच वेळ हवी, असं लिहायला लावलं. उत्तर आलेलं नाही. आलं की पहिला टायर माझ्या पैशाचा.